‘झाले’पासून ‘केले’पर्यंत : अत्याचारातून तगलेल्यांचे लेखन आणि मनाचे सावरणे

मराठी वाक्यरचनेत एक सोय आहे. घडलेली गोष्ट कर्त्याचे नाव न घेता सांगता येते. कप फुटला, दूध उतू गेले, पैसे खर्च झाले. कोणी फोडला, कोणाचे लक्ष नव्हते, कोणी उधळले, हे सांगण्याची सक्ती भाषा करत नाही. लहानपणी किंवा लग्नानंतर अत्याचार सोसलेली व्यक्ती पहिल्यांदा त्याविषयी लिहू लागते, तेव्हा ती अनेकदा याच सोयीचा आधार घेते. ‘माझ्या बाबतीत नको ते झाले’, ‘सातवीत असताना एक प्रकार घडला’. वाक्यात वय असते, घर असते, उन्हाळ्याची सुट्टी असते; करणारा मात्र नसतो. तीच व्यक्ती पुढे काही महिन्यांनी किंवा काही वर्षांनी ‘काकाने केले’ असे लिहिते, तेव्हा मधल्या काळात तिच्या मनात पुष्कळ काम होऊन गेलेले असते. हे काम कोणते, लिहिण्याने ते कसे साधते, कधी साधत नाही आणि लिहिलेले इंटरनेटवर सर्वांसमोर ठेवल्यावर त्यात काय बदलते, हे येथे पाहू.

आधी एका शब्दाविषयी. वर्तमानपत्रांत ‘पीडिता’ हा शब्द रूढ आहे आणि कायद्याच्या भाषेत ‘बळी’ हाही चालतो. पहिला शब्द स्त्रीलिंगी आहे, दुसऱ्यात माणूस संपल्याचा भास आहे. इंग्रजीतील ‘सर्व्हायव्हर’ला नेमका पर्याय मराठीत अद्याप रुळलेला नाही. दुष्काळातून पीक तगते त्या अर्थाने मी येथे ‘तगलेली व्यक्ती’ असे म्हणतो, कारण त्यात सोसणेही आहे आणि उरणेही.

मौन किती मोठे आहे, हे दोन सरकारी पाहण्यांवरून कळते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाराष्ट्र व गोव्यासह १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा कोणता ना कोणता प्रकार सोसल्याचे सांगितले आणि त्यांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिक, म्हणजे ५२.९४ टक्के होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलांच्या ओळखीचे किंवा त्यांचा विश्वास असलेले होते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी ती थांबवण्यासाठी कोणाची तरी मदत मागितली होती. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण ज्या घरांत मोठ्या माणसांच्या तोंडी असते, तेथे या आकड्यांचे नवल वाटणार नाही. घरातली गोष्ट चव्हाट्यावर आणू नये, असे ज्या मुलीला वर्षानुवर्षे बजावले गेले आहे, तिला चव्हाट्यापेक्षा वही जवळची वाटते आणि आता वहीपेक्षाही मोबाइलचा पडदा जवळचा वाटतो.

लिहिण्याने बरे वाटते, असे आपण सहज म्हणतो. त्याची पद्धतशीर तपासणी सुरू झाली ती अमेरिकेत, आणि तिचे मूळ नेमके याच विषयात आहे. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञांनी आरोग्याविषयीच्या एका प्रश्नावलीत, वयाच्या सतराव्या वर्षाआधी आघातकारक लैंगिक अनुभव आला होता का, असा एक प्रश्न घातला होता. ‘हो’ म्हणणाऱ्यांमध्ये शारीरिक तक्रारी इतरांपेक्षा अधिक आढळल्या. पुढच्या शोधात त्यांना असे दिसू लागले की घटनेइतकेच, कधीकधी तिच्याहूनही अधिक, ओझे ती गुप्त ठेवण्याचे असते. लपवायला सतत श्रम पडतात. कोणत्या गप्पांतून उठायचे, कोणत्या नातेवाइकाच्या घरी जायचे नाही, जायची वेळ आलीच तर कारण काय सांगायचे, याचा हिशेब मन रोज ठेवत राहते.

मग पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहायला सांगितले. काहींनी क्षुल्लक विषयावर लिहिले. उरलेल्यांनी आयुष्यातील सर्वांत क्लेशकारक अनुभवाविषयी लिहिले. पण त्यांतही एका गटाने फक्त घटना लिहिल्या, दुसऱ्याने फक्त भावना आणि तिसऱ्याने दोन्ही. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचा रक्तदाब लिहून होताच वाढलेला होता आणि मनही खिन्न होते. मात्र पुढच्या सहा महिन्यांत आजारपणासाठी आरोग्यकेंद्रात जाण्याच्या त्यांच्या खेपा इतरांपेक्षा कमी भरल्या. हा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. लिहून झाल्यावर त्याच रात्री हलके वाटेल, अशी अपेक्षा ठेवून जो बसतो तो दुसऱ्या दिवशी वही मिटून ठेवण्याची शक्यता दाट, कारण पहिला परिणाम उलटाच असतो.

असे का होत असावे? आघाताची आठवण ही इतर आठवणींसारखी गोष्टीच्या रूपात बसलेली नसते. तिचे तुकडे असतात: ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास, पंख्याचा आवाज, दाराची कडी लागल्याचा खटका. हे तुकडे वेळकाळ न पाहता वर येतात आणि आले की ती गोष्ट जणू आत्ताच चालू आहे असे शरीराला वाटते. छाती धडधडते, हात गार पडतात. लिहिताना मात्र भाषा तिचे नियम लादते. वाक्याला काळ लागतो, ‘आधी’ आणि ‘नंतर’ लागते, ‘मी’ कोण आणि ‘तो’ कोण हे ठरवावे लागते. ‘तेव्हा मी नऊ वर्षांची होते’ हे साधे वाक्यदेखील आज पस्तिशीत असलेल्या बाईला सांगते की ती गोष्ट मागे पडलेली आहे आणि आता दाराची कडी तिच्या हातात आहे. भावनेला नुसते नाव देण्याचाही परिणाम होतो. कॅलिफोर्नियातील मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात, भीती किंवा राग दाखवणाऱ्या चेहऱ्यांकडे पाहताना त्या भावनेला शब्दात नाव देणाऱ्यांच्या मेंदूतील अमिग्डाला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली आढळली.

पेनेबेकर यांच्या गटाने पुढे या लेखनातील शब्दच मोजले. ज्यांना लाभ झाला त्यांच्या लेखनात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘लक्षात आले’, ‘आता कळते’ अशा अर्थाचे शब्द वाढत गेले होते. पहिल्या दिवसापासून सुबक, पूर्ण गोष्ट लिहिणाऱ्यांपेक्षा विस्कळीत सुरुवात करून हळूहळू जुळवाजुळव करणारे अधिक सावरले. ‘मी’ची बाजू आणि इतरांची बाजू यांत दृष्टिकोन बदलत राहणाऱ्यांनाही अधिक लाभ झाला. हा अभ्यास इंग्रजी लेखनाचा आहे, त्यामुळे ‘झाले’ आणि ‘केले’ यांच्याविषयीचे सुरुवातीचे निरीक्षण त्याच्या माथी मारता येणार नाही. ते माझे आहे. तरी दोहोंची दिशा एकच दिसते. चार दिवस तेच दुःख त्याच शब्दांत लिहिणे हे उगाळणे आहे, आणि उगाळण्याने मन सावरत नाही.

आता या उत्साहावर थोडे पाणी ओतायला हवे. २००६ मध्ये जोआन फ्रॅटारोली यांनी अशा १४६ प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा सरासरी परिणाम ०.०७५ इतका भरला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, या मापावर हा परिणाम खरा असला तरी लहान आहे. वहीत किंवा समाजमाध्यमावर लिहून मानसिक आजार बरा होतो, असा दावा यावरून करता येत नाही. घटना ताजी असताना, पहिल्या काही आठवड्यांत, खोलात शिरून लिहू नये असे पेनेबेकर स्वतः सुचवतात. त्यांचा आणखी एक साधा नियम आहे: एखाद्या प्रसंगाविषयी लिहिल्याने आपला तोल जाईल असे वाटले तर तो प्रसंग लिहू नये, दुसरे काही लिहावे.

लेखनाचा अधिक भक्कम उपयोग प्रशिक्षित उपचारकाच्या सोबतीने होतो. डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांनी पीटीएसडी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आघातोत्तर ताणविकारासाठी केवळ पाच बैठकांचा लेखन-उपचार तयार केला. प्रत्येक बैठकीत तोच प्रसंग अर्धा तास हाताने लिहायचा. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १२६ प्रौढांच्या चाचणीत तो बारा बैठकांच्या प्रस्थापित उपचाराहून उणा ठरला नाही आणि उपचार अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे प्रमाण त्यात बरेच कमी होते. तो प्रस्थापित उपचार पॅट्रिशिया रेसिक यांनी बलात्कारातून तगलेल्या स्त्रियांसोबत काम करताना घडवला होता. त्यात रुग्णाला सुरुवातीलाच एक पान लिहावे लागते. विषय प्रसंगाचा नसतो, ‘हे का घडले असे मला वाटते’ हा असतो.

या पानावर जे उतरते ते कोणत्याही भाषेत सारखेच असावे असे वाटते. मी एकटी गेले म्हणून. मी ओरडले नाही म्हणून. त्याने दिलेला खाऊ मी घेतला म्हणून. मनात असताना हे आरोप वस्तुस्थितीसारखे दिसतात. कागदावर आले की ते वाक्य होते आणि वाक्याला प्रश्न विचारता येतो. नऊ वर्षांच्या मुलीने श्रीखंडाची गोळी घेतली, हे चाळीस वर्षांच्या पुरुषाच्या कृत्याचे कारण कसे होऊ शकते? हा प्रश्न आई विचारू शकते, मैत्रीण विचारू शकते, पण स्वतःच्या अक्षरातले ते वाक्य स्वतः वाचून तो पडतो तेव्हा त्याचे उत्तर टाळता येत नाही.

येथपर्यंतचे सगळे वहीत घडू शकते. लिहिलेले लोकांसमोर ठेवले की दुसरीच प्रक्रिया सुरू होते आणि या दोन्हींची गल्लत केल्याने पुष्कळ जणांची फसगत होते. वहीत अर्थ लागतो. लोकांसमोर साक्षीदार मिळतो. आघातानंतर माणूस कितपत सावरेल, हे त्याला मिळणाऱ्या आधारावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, असे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. शिकागोतील सेरा उलमन यांनी लैंगिक अत्याचाराविषयी सांगणाऱ्यांना मिळालेल्या प्रतिसादांचा दीर्घकाळ अभ्यास केला, आणि दोष देणारा, अविश्वास दाखवणारा किंवा ‘आता विसर ते’ म्हणून विषय मिटवणारा प्रतिसाद मिळालेल्यांमध्ये आघाताची लक्षणे अधिक असल्याचे त्यांना आढळले. म्हणजे सांगणे हे आपोआप औषध होत नाही. ऐकणारा कोण आहे, यावर ते औषध की दुसरा घाव हे ठरते, आणि इंटरनेटवर ऐकणारा कोण असेल हे निवडता येत नाही.

तरीही लोक तेथेच लिहितात, आणि त्याला कारण आहे. गावात किंवा नात्यात ज्याला सांगायचे तो बहुधा अत्याचार करणाऱ्यालाही ओळखत असतो. अनोळखी वाचक ओळखत नाही. टोपणनावाने लिहिता येते, रात्री दोन वाजता लिहिता येते, अर्धे लिहून थांबता येते आणि समोरच्याचा चेहरा पाहावा लागत नाही. मुलगे आणि पुरुष यांच्यासाठी तर हा आडोसाच कित्येकदा एकमेव मार्ग असतो, कारण त्यांच्या बाबतीत घडलेल्याला लोक ‘मस्करी’ म्हणून मोकळे होतात. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये झाला तेव्हा त्याने मुलगा-मुलगी असा भेद केला नाही. बोलीभाषा मात्र अजून तेथवर आलेली नाही.

आणि येथे वाचणाऱ्याचा विचार करावा लागतो, कारण अशा लेखनाचा सर्वांत मोठा लाभार्थी कित्येकदा लिहिणारा नसून वाचणारा असतो. त्याला काय मिळते? मुख्यतः शब्द मिळतात. आपल्या रूढ शब्दांकडे पाहा. ‘विनयभंग’ या कायदेशीर शब्दात मोडलेली वस्तू स्त्रीचा विनय आहे. ‘अब्रू लुटली’ यात गेलेली वस्तू घराण्याची आहे. ‘वाईट मार्गाने हात लावला’ यात निदान कर्ता डोकावतो. लाडीगोडी लावून, भेटवस्तू देऊन, ‘हे आपले दोघांचे गुपित’ असे म्हणत मुलाचा विश्वास महिनोन्‌महिने कमावण्याला इंग्रजीत ‘ग्रूमिंग’ हा एकच शब्द आहे, मराठीत त्याचे वर्णन करावे लागते. ज्याला नाव नाही ते आपल्या एकट्याच्याच बाबतीत घडले असे वाटत राहते. दुसऱ्या कोणी तेच वर्णन, तीच भेटवस्तू आणि तेच वाक्य लिहिलेले दिसले की वाचणाऱ्याला उमजते की ही त्या माणसाची रीत होती आणि आपला त्यात दोष नव्हता. कार्यकर्त्या तराना बर्क यांनी २००६ मध्ये अमेरिकेत ‘मी टू’ (मीसुद्धा) हे शब्द वापरायला सुरुवात केली, त्यामागे हेच होते. ते शब्द जगभर पसरले २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आणि भारतात त्यांची मोठी लाट वर्षभराने आली.

मराठी घरांतील अनेक जण हे इंग्रजीत लिहितात, याचे एक कारण शिक्षण असेल. पण दुसरी भाषा भावनांना थोडी दूर ठेवते हेही संशोधकांनी नोंदवले आहे. ज्या भाषेत रागावले गेले, गप्प बसवले गेले आणि अंगाईही म्हटली गेली, त्या भाषेत अत्याचाराचा शब्द उच्चारणे अधिक जड जाते. आधी इंग्रजीत लिहून पुढे कधीतरी मराठीत येणे ही पळवाट नव्हे, ती पायरी आहे.

लिहिणाऱ्याने कायद्याच्या दोन-तीन बाजू समजून घेतलेल्या बऱ्या. लैंगिक गुन्ह्यात सोसलेल्या व्यक्तीची ओळख प्रसिद्ध करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. तथापि ती व्यक्ती प्रौढ असेल तर ती स्वतः लेखी परवानगी देऊ शकते. म्हणजे नाव लावायचे की नाही, हा निर्णय तिचा आहे, मैत्रिणीचा किंवा संपादकाचा नाही. अत्याचार करणाऱ्याचे नाव घेतल्यास बदनामीची फिर्याद होऊ शकते, आणि आरोप खरा व लोकहिताचा असला तरी ते सिद्ध करण्यात वर्षे जातात. पत्रकार प्रिया रमाणी यांच्याविरुद्ध माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी ऑक्टोबर २०१८ मध्ये केलेल्या अशा फिर्यादीतून रमाणी यांची दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी निर्दोष मुक्तता केली. स्त्रीला आपली तक्रार कोणत्याही व्यासपीठावर, दशकांनंतरही मांडण्याचा अधिकार आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. निकाल मोलाचा खरा, पण त्याआधी सव्वादोन वर्षे तारखा पडत होत्या. ज्यांना पुढे पोलिसांत जायचे असेल त्यांनी वकिलाशी बोलूनच सविस्तर लिहावे, कारण आधीचे लेखन उलटतपासणीत काढले जाऊ शकते आणि आघाताच्या आठवणीत तारखा मागेपुढे होणे स्वाभाविक असले तरी समोरचा वकील त्याचा उपयोग करतोच.

जुडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञांनी १९९२ मध्ये आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले: आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग पुन्हा माणसांशी जोडले जाणे. लेखनाचा मोह दुसऱ्या टप्प्याचा आहे, पण पहिला ओलांडल्याशिवाय तो धोक्याचा ठरू शकतो. मारणारा नवरा त्याच घरात असेल, मोबाइलचा पासवर्ड त्याला ठाऊक असेल, तर त्या मोबाइलवर लिहिलेली चार वाक्ये जिवावर बेतू शकतात. अशा वेळी लिहिण्याआधी १८१ ही महिला हेल्पलाइन किंवा ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आहे, मुलांसाठी १०९८ आहे आणि मन हाताबाहेर जात असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ आहे. सुरक्षित असलेल्यांनीही छायाचित्र, शाळेचे नाव, बदलीचे गाव असे तपशील वगळावेत. टोपणनाव असले तरी तीन तपशिलांवरून नातेवाईक ओळखतात.

सगळे टप्पे एका माणसाच्या लेखनात दिसावेत अशी उदाहरणे थोडी आहेत. सोहेला अब्दुलाली यांचे एक आहे. १९८० मध्ये, सतरा वर्षांच्या असताना, मुंबईत त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. घरचे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. तीन वर्षांनी, १९८३ मध्ये, त्यांनी ‘मानुषी’ या दिल्लीच्या नियतकालिकात स्वतःचे नाव आणि छायाचित्र देऊन त्याविषयी लिहिले. त्या काळात हे जवळपास अशक्य कोटीतले होते. त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे तो लेख जुन्या अंकात पडून राहिला. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीतील बसमधल्या घटनेने देश हादरला, तेव्हा कोणीतरी तो शोधून इंटरनेटवर टाकला आणि तो हजारो लोकांपर्यंत गेला. म्हणजे त्या लेखाचा दुसरा जन्म लेखिकेला न विचारता झाला. इंटरनेटवर ठेवलेले लेखन लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही, ते असे. अब्दुलाली यांनी त्यावर जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेतील एका वृत्तपत्रात नवा लेख लिहिला आणि जखम झाली ती आपल्याला, आपल्या अब्रूला नव्हे, असे त्यात ठणकावून सांगितले. २०१८ मध्ये त्यांचे याच विषयावरचे पुस्तक आले. १९८३ च्या लेखात एका मुलीने स्वतःची एक रात्र लिहिली होती. पुस्तकात त्या अनेक देशांतील इतरांचे अनुभव ऐकत, समाज या विषयावर बोलतो कसा आणि अडखळतो कुठे, हे तपासत जातात.